शिळी कढी आणि जुनी थकबाकी

चित्रपटाचा दुसरा भाग म्हणजे शिळ्या कढीला आणलेला ऊत, हा सिद्धान्त आमचे एक स्नेही गेली कित्येक वर्षे इतक्या निष्ठेने मांडीत आले आहेत की, त्यांच्या घरी त्याला आता कुळाचाराची प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. आणि कुळाचाराला प्रमाण मागण्याची रीत नसल्यामुळे, त्यांच्या बैठकीत चहा पिणाऱ्या आम्हां चार-पाच जणांपैकी कोणीही त्यांना आजवर अडविलेले नाही. परंतु गेल्या पंधरवड्यात त्यांनी याच जात्यात सॅम रायमी या दिग्दर्शकाचा २००४ सालचा ‘स्पायडरमॅन २’ हा चित्रपट घातला, दोन वर्षे आधी आलेल्या पहिल्या चित्रपटाच्या पासंगालाही तो पुरत नाही असा निकाल सुनावला, आणि वर ‘यावर अपील नाही’ असेही बजावले. अपील नाही म्हटले की अपील करावेसे वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून ही कैफियत.

त्यांची फिर्याद थोडक्यात अशी. पहिल्या चित्रपटात काका-काकूंच्या घरी वाढलेला एक पोरका, लाजाळू, चष्मा लावणारा मुलगा, पीटर पार्कर, कोळ्याच्या दंशाने एका रात्रीत भिंती चढू लागतो, गच्च्यांवरून उड्या घेतो, मनगटातून सुटणाऱ्या धाग्यांना लोंबकळत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून झोके घेतो. ही नवलाई एकदाच घडू शकते, आणि जी गोष्ट एकदाच घडू शकते ती दुसऱ्यांदा दाखविणारा एक तर अजाण असतो किंवा लोभी. दुसऱ्या भागात काय आहे? तोच नायक घरोघर पिझ्झा पोहोचवितो, खोलीचे भाडे थकवितो, कोणतेही सयुक्तिक कारण नसता आपले सामर्थ्य गमावितो, काकूंपुढे बसून रडतो. ‘पराक्रम पाहावा म्हणून तिकीट काढले,’ स्नेही म्हणाले, ‘आणि पदरात पडला भाडेकरूचा तंटा!’ वाक्य झोकदार आहे. बैठकीत हशा पिकला, आणि हशा पिकला की मुद्दा सिद्ध झाला असे मानण्याचा आमच्या बैठकीचा शिरस्ता आहे.

मुळात त्यांचा दृष्टान्तच मला मान्य नाही. शिळ्या कढीला ऊत आणला की ती फुटते, दही एकीकडे आणि पाणी दुसरीकडे होते, हे स्वयंपाकघरात वावरलेल्या कोणासही ठाऊक आहे. परंतु त्याच स्वयंपाकघरात होळीच्या दिवशी केलेली कटाची आमटी असते, जी त्या दिवशी पुरणपोळीच्या तोऱ्यापुढे दबून राहते आणि दुसऱ्या दिवशी, मसाला आत उतरून मुरल्यावर, घरातली जाणती माणसे जिच्यासाठी मुद्दाम वाटी राखून ठेवतात. दुसऱ्या दिवशी काय होणार हे पहिल्या दिवशी भांड्यात काय पडले यावर अवलंबून असते. पहिल्या ‘स्पायडरमॅन’मध्ये जे पडले होते ते तेथे शिजलेच नव्हते, ते मुरावयास दोन वर्षे लागली, हे माझे म्हणणे.

तसे पाहता, उत्तरार्ध पूर्वार्धाहून थोर असू शकतो की नाही, या वादाचा निवाडा आमच्याकडे बाराशे वर्षांपूर्वीच झालेला आहे, आणि तो करणारा भवभूती हा विदर्भातल्या पद्मपूरच्या घराण्यातला, म्हणजे स्नेह्यांना परका म्हणून झटकून टाकता येणार नाही असा. त्याने रामाच्या पूर्वायुष्यावर ‘महावीरचरित’ लिहिले. त्यात शिवधनुष्याचा भंग आहे, परशुरामाशी सामना आहे, रावणाचा वध आहे, शेवटी राज्याभिषेक आहे. स्नेह्यांना तिकिटाच्या मोबदल्यात जे जे हवे ते सर्व आहे. नंतर त्याने ‘उत्तररामचरित’ लिहिले, ज्यात रावण नाही, युद्ध म्हणावे तर दोन कोवळ्या मुलांचे, आणि नायक अंकामागून अंक शोक करीत राहतो. आज भवभूतीचे नाव कोणी घेतले तर यांपैकी कोणते नाटक डोळ्यांपुढे उभे राहते, हे संस्कृताचा वाराही न लागलेल्या माणसाने सांगावे. रामाचा पराक्रम संपला तेथे भवभूतीला खरा विषय सापडला, कारण लोकांच्या रक्षणाचे व्रत घेतलेल्या माणसाच्या स्वतःच्या घरात काय उरते, हा प्रश्न राज्याभिषेकाच्या आधी विचारताच येत नाही.

आणखी एक साम्य मला विलक्षण वाटते. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच गतायुष्याची चित्रे दाखवितो, जुनी दुःखे आता भिंतीवरची चित्रे झाली आहेत, म्हणून ती पाहताना गोडही वाटतात, आणि तेवढ्यात नवे दुःख दाराशी येऊन उभे राहते. ‘स्पायडरमॅन २’चा आरंभ काढून पाहा. श्रेयनामावली चालू असताना ॲलेक्स रॉस या चित्रकाराने रंगविलेली चित्रे कोळ्याच्या जाळ्यातून एकामागून एक सरकतात, आणि त्यांत पहिल्या चित्रपटातले प्रसंग आहेत: दंश, काकांचा मृत्यू, पावसातले ते उलटे चुंबन. रायमीने भवभूती वाचला असेल असे मानण्याइतका मी भाबडा नाही. पूर्वकथेचा पराक्रम चित्रांत कोंडून भिंतीला टांगल्याशिवाय उत्तरकथेला जागा होत नाही, ही गोष्ट विदर्भातल्या नाटककाराला कळली तशी अमेरिकेतल्या दिग्दर्शकालाही कळली, एवढेच.

आता भाडेकरूच्या तंट्याविषयी. स्नेह्यांनी ज्याची थट्टा केली तोच या चित्रपटाचा कणा आहे, आणि तो नीट पाहावयाचा तर वीस डॉलरच्या एका नोटेमागून चालत जावे लागते. पीटरचा वाढदिवस आहे. मेकाकूंचे घर गहाणात बुडण्याच्या बेतात आहे, तगाद्याची पत्रे येऊन पडली आहेत, आणि ती पत्रे पीटरच्या दृष्टीस पडली आहेत. तरीही निघताना काकू त्याच्या हातात वीस डॉलर ठेवतात. तो नको म्हणतो. तेव्हा ही मृदू वृद्धा एकाएकी कडाडते, घे म्हणते ना, आणि लगेच रडू लागते. ज्या घरात पैशाची ओढ असते त्या घरात वाढलेल्या कोणालाही हा आवाज ओळखू येईल. देणाऱ्याची ऐपत नाही हे घेणाऱ्याने ओळखले, या अपमानाचा तो आवाज आहे. पीटर आपल्या कोंदट खोलीवर परततो, घरमालक थकलेले भाडे मागतो, आणि आठवडाभरासाठी खिशात असलेले वीस डॉलर पीटरच्या हातून जातात. मी तरी ती तीच नोट मानतो. काकूंच्या मुठीतून निघालेली नोट रात्र सरण्याच्या आत घरमालकाच्या मुठीत जाते आणि ज्याच्या अंगी आगगाडी थोपविण्याचे बळ आहे तो मुलगा मुकाट्याने पाहत राहतो. याला तंटा म्हणावयाचे असेल तर म्हणावे. पुढे काकू बँकेत कर्ज मागावयास जातात, कर्ज नाकारले जाते, आणि नवे खाते उघडणाऱ्यास मिळणारा पाव भाजण्याचा टोस्टरही, रक्कम पुरेशी नाही म्हणून, मिळत नाही. तो टोस्टर पटकथेत ज्याने घातला त्याला नमस्कार केला पाहिजे.

येथे स्नेही म्हणतील की, पैशाचे रडगाणे पहिल्या भागात नव्हते. होते, त्यांच्या ध्यानात राहिले नाही. पहिल्या भागात पीटर कुस्तीच्या आखाड्यात उतरतो तो ३,००० डॉलरच्या इनामासाठी, आणि तीन मिनिटे टिकण्याची अट असता त्याने दोन मिनिटांतच प्रतिपक्ष्याला लोळविले या सबबीवर आयोजक त्याच्या हातावर १०० डॉलर टेकवितो. क्षणभराने त्याच आयोजकाची तिजोरी लुटून पळणारा चोर समोरून येतो. पीटर वाट देतो. आणि तोच चोर बाहेर मोटार हिसकावण्यासाठी बेनकाकांना गोळी घालतो, निदान पीटर आणि प्रेक्षक तसे मानून चित्रपटगृहाबाहेर पडतात. म्हणजे सगळ्या कथेचे मूळ एका बुडविलेल्या रकमेत आहे. सामर्थ्य आणि उत्तरदायित्व यांविषयीचे जे वचन बेनकाकांच्या तोंडून जगभर पसरले, ते १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी ही कथा प्रथम छापली तेव्हा काकांच्या तोंडी नव्हतेच, शेवटच्या चौकटीत निवेदकाने केलेली टिप्पणी म्हणून आले होते. पहिल्या चित्रपटाने ते काकांच्या मुखी घालून ठसठशीत केले हे त्याचे श्रेय. पण नंतर त्या वचनाची किंमत त्याने नायकाकडून कितपत वसूल केली? पुलावरचा प्रसंग आठवा. ग्रीन गॉब्लिन हा प्रतिनायक एका हातात पीटरचा जिच्यावर जीव आहे त्या मेरी जेनला आणि दुसऱ्या हातात लहान मुलांनी भरलेला पाळणा धरून विचारतो: कोणाला वाचविशील? प्रश्न भयंकर आहे. उत्तर मात्र सोयीचे आहे, कारण नायक दोघांनाही वाचवितो, वर न्यूयॉर्कचे नागरिक पुलावरून गॉब्लिनवर हाती लागेल ते भिरकावून त्याला साह्य करतात. ११ सप्टेंबर २००१ नंतर काही महिन्यांतच आलेल्या त्या चित्रपटात, ज्याच्या जाहिरातीतून जुळ्या मनोऱ्यांमध्ये अडकणारे हेलिकॉप्टर काढून टाकावे लागले होते, त्या क्षणी प्रेक्षकांना जो धीर हवा होता तो मिळाला, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की, निवड विचारली गेली आणि निवडीची बाकी खात्यावर तशीच राहिली.

तिच्यावर दुसऱ्या भागाने बोट ठेवले. सामर्थ्य गेलेला, पोशाख गल्लीतल्या कचऱ्याच्या पिंपात टाकून मोकळा झालेला पीटर जळत्या इमारतीत शिरतो, नुसत्या माणसाच्या बळावर एका चिमुरडीला बाहेर काढतो, श्वास घेण्यासाठी बसतो, आणि त्याला शेजारचे बोलणे ऐकू येते की वरच्या मजल्यावर एक जण होता, तो गेला. त्याला कोणी दोष देत नाही, त्याचे तर कौतुकच होते. तो पोशाख अंगावर असता तर ते माणूस जगले असते, हे फक्त त्याला ठाऊक आहे. येथे दोघांनाही वाचविणारे पटकथाकार नाहीत.

आणि ते सामर्थ्य गेलेच का, हा स्नेह्यांचा सर्वांत लाडका आक्षेप. ‘कोणत्या रसायनाने गेले, कोणत्या शत्रूने काढून घेतले, काही सांगाल की नाही?’ असे ते विचारतात, आणि पडद्यावरच्या डॉक्टराने शरीरात बिघाड नाही, मनात आहे, असे सुचविले ते त्यांना पळवाटेसारखे वाटते. आश्चर्य याचे की, हा आक्षेप घेणारे गृहस्थ एरवी रससिद्धान्तावर अधिकारवाणीने बोलतात. वीररसाचा स्थायीभाव कोणता? उत्साह. बळ नव्हे, शस्त्र नव्हे, विजयही नव्हे. ज्याचा उत्साह ओसरला त्याच्या भात्यात बाण असून उपयोग नाही, हे भरताने नाट्यशास्त्रात सांगून ठेवले असता, मनगटातला धागा ऐन झोक्यात का आटला याचे कारण रसायनशाळेत कशाला शोधावे? शिवाय छापील कथांमध्ये हा धागा यंत्रातून सुटतो, पीटरने स्वतः घडविलेल्या यंत्रातून. रायमीने पहिल्या भागातच तो शरीरातून निघतो असे केले, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली होती. तो बदल कशासाठी होता हे दुसऱ्या भागात कळते. यंत्र बिघडले तर कारागीर बोलवावा. शरीरानेच असहकार पुकारला तर माणसाने कोठे जावे? सामर्थ्य गेल्यावर पीटर अंगावरच्या पोशाखातच एका उद्‌वाहनात शिरतो, शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला तो पोशाख कोणी शिवला याचे कुतूहल, आणि हा सांगतो की अंगाला खाजतो, जरा आवळतोही. दोघे माळ्यामागून माळा उतरत राहतात. नायकाचे दैन्य इतक्या हलक्या हाताने दाखविणारा प्रसंग या जातीच्या चित्रपटांत दुसरा नाही.

परंतु ज्या एका प्रसंगासाठी मी ही लेखणी उचलली तो अद्याप सांगितलेला नाही. काकांच्या मृत्यूला आपण कारण झालो, हे पीटरने पहिल्या संपूर्ण चित्रपटात कोणालाही सांगितलेले नाही. काकूंना नाही, मित्राला नाही, ज्या मुलीवर जीव आहे तिला नाही. पहिला चित्रपट संपतो तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवितात आणि हे ऋण तसेच राहते. त्याचा साधा दाखलाही कोणाच्या दप्तरी नाही. दुसऱ्या भागात काकू एका संध्याकाळी टेबलाशी बसून म्हणतात की, त्या दिवशी मी त्यांना बाहेर जाऊ दिले नसते तर, आणि दोष स्वतःकडे घेऊ पाहतात. ते पीटरला सोसत नाही. तो सांगतो: आखाड्याचे, पैशाचे, वाट दिल्याचे. काकूंचा हात त्याच्या हातात असतो. सांगून होते, आणि काकू काही न बोलता आपला हात काढून घेतात, उठतात आणि जिना चढून वर जातात. एवढेच. रोझमेरी हॅरिस यांच्यासारखी रंगभूमीवर घडलेली अभिनेत्री तेथे ना हुंदका देते ना शब्द उच्चारते. टोबी मॅग्वायर रिकाम्या झालेल्या हातासकट बसून राहतो.

हा प्रसंग आकाशातून पडलेला नाही. पहिल्या भागाची पटकथा डेव्हिड केप यांची होती. दुसऱ्याची लिहिली ॲल्व्हिन सार्जंट यांनी, वयाच्या सत्तरीनंतर. १९८० च्या ‘ऑर्डिनरी पीपल’च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळविलेला हा लेखक. तो चित्रपट कशाविषयी होता? नावेच्या अपघातात थोरला भाऊ गेला आणि धाकटा वाचला, आणि आपण वाचलो हेच ज्याला अपराधासारखे वाटते अशा त्या धाकट्याचे घर, त्याची न बोलणारी आई, जेवणाच्या टेबलावरची शांतता. चोवीस वर्षांनी तोच लेखक सुपरहिरोच्या चित्रपटात आला तेव्हा त्याने आपले सामान बाहेर ठेवले नाही. असा माणूस ज्या व्यापाऱ्यांनी बोलाविला त्यांना लोभी म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. लोभी माणसालाही कधी कधी चांगला कारागीर ओळखता येतो.

आगगाडीच्या प्रसंगावर स्नेह्यांनी एक बारीक हरकत घेतली आहे: न्यूयॉर्कच्या त्या भागात अशी उंचावरून धावणारी गाडी नाही. खरे आहे. त्याचे चित्रीकरण बरेचसे शिकागोच्या उन्नत रेल्वेमार्गावर झाले. नकाशाशी ताळा घालीत बसणाऱ्याला तो प्रसंग दिसला असेल की नाही याची मला शंका आहे, म्हणून पुन्हा सांगतो. गाडीचे नियंत्रण गेले आहे, रूळ पुढे संपलेले आहेत. पीटर गाडीच्या तोंडाशी उभा राहून आधी पाय टेकवून पाहतो, रुळांखालचे ओंडके काड्यांसारखे मोडत जातात. मग दोन्ही बाजूंच्या इमारतींना धागे लावतो, तर इमारतींचे दर्शनी भाग उपटून येतात. मग एकापाठोपाठ एक असे अनेक धागे दोन्ही हातांत धरून तो ताणला जातो, आणि त्या ताणात पोशाख अंगावर फाटतो. चेहरा आधीच उघडा पडलेला आहे. गाडी थांबते, तो शुद्ध हरपून पुढे कोलमडू लागतो, आणि आतून हात येतात. प्रवासी त्याला आत ओढून घेतात आणि डोक्यांवरून, हातांहातांनी, मागे नेतात. पहिल्या भागात नागरिक वरून वस्तू फेकतात; येथे ते त्याला झेलतात. त्याला खाली ठेवतात तेव्हा एक प्रौढ प्रवासी त्याच्याकडे पाहून जे बोलतो त्याचा आशय इतकाच की, अरे, हा तर माझ्या मुलापेक्षा मोठा नाही. दोन लहान मुले मुखवटा आणून देतात आणि कोणाला सांगणार नाही म्हणतात. २००४ च्या पावसाळ्यात, हिंदी रूपांतर लावणाऱ्या एका जुन्या एकपडदा चित्रपटगृहात, पंख्यांच्या घरघरीत मी हा प्रसंग प्रथम पाहिला. तोपर्यंत प्रत्येक उडीला शिट्ट्या वाजविणारी पुढच्या रांगेतली पोरे येथे शिट्टी वाजवावयास विसरली. शेजारच्या बाईंनी मांडीवर झोपलेल्या मुलाच्या अंगावरची ओढणी उगाचच नीट केली.

प्रतिनायकाविषयी फार लिहीत नाही, कारण येथे वादाला फारसा वाव नाही. विलेम डॅफो हा थोर नट आहे, आणि पहिल्या भागात त्याच्या चेहऱ्यावर कठीण हिरवा मुखवटा चढवून त्याचा चेहराच हिरावून घेतला. त्याचा सर्वोत्तम प्रसंग म्हणून आरशापुढचा, मुखवटा नसलेला, तोच आठवतो. आल्फ्रेड मोलिनाचा ऑटो ऑक्टेव्हियस उघड्या चेहऱ्याने वावरतो, आणि पाठीतून निघालेल्या त्या चार यांत्रिक भुजा, ज्या अनेक ठिकाणी कळसूत्री खेळासारख्या माणसांनी प्रत्यक्ष हलविलेल्या आहेत, त्याच्या कानाशी कुजबुजतात. शस्त्रक्रियागृहात त्या जाग्या होतात तेव्हा रायमी आपल्या भयपटांच्या जुन्या पेशाकडे क्षणभर परततो. मात्र महत्त्वाचे हे की, भुजा येण्यापूर्वी या माणसाने पीटरला आपल्या घरी जेवू घातले आहे, पत्नीबरोबरच्या त्याच्या सुखाचा पीटर साक्षी आहे, आणि ती पत्नी त्याच्याच प्रयोगात मेलेली आहे. घर सोडताना मेकाकूंनी पीटरला सांगितलेले असते की, कधी कधी योग्य ते करण्यासाठी आपल्याला सर्वांत प्रिय असलेल्या गोष्टीवर पाणी सोडावे लागते, आपल्या स्वप्नांवरसुद्धा. शेवटच्या लढाईत पीटर हेच ऑक्टेव्हियसला ऐकवितो, आणि तो आपले यंत्र नदीत बुडवून स्वतःही बुडतो. काकूंच्या अंगणातले बोलणे अशा रीतीने धक्क्यावर जाऊन पोचते. ठोशाने जे झाले नसते ते बोलण्याने होते.

एवढे लिहून मी दुसऱ्या भागाचा आंधळा वकील ठरू नये म्हणून कबुलीही देतो. ऑक्टेव्हियसच्या प्रयोगातल्या अणुभट्टीचे विज्ञान लहान मुलाने हसावे असे आहे. ऑक्टेव्हियसला पीटर जिवंत हवा असतो, कारण स्पायडरमॅनचा ठावठिकाणा त्याच्याकडूनच काढून घ्यावयाचा आहे. तरीही तो ज्या उपाहारगृहात पीटर बसला आहे त्याच्या काचेतून एक अख्खी मोटार भिरकावतो, आणि पीटरच्या अंगी चपळाई नसती तर चौकशी तेथेच संपली असती. मेरी जेनचा अंतराळवीराशी ठरलेला विवाह हा मोडण्यासाठीच जमविलेला आहे. आणि आपण भिंत चढू शकतो हे प्रथम कळल्यावर गच्चीवर एकटाच ओरडणारा, धागा सोडण्यासाठी हातांच्या निरनिराळ्या मुद्रा करून पाहणारा पहिल्या भागातला पोरगा दुसऱ्यात कोठेही नाही, तो आनंद खरोखरच एकदाचाच होता. एवढे मी विनातक्रार देतो.

कमाईचा मुद्दा स्नेह्यांनी शेवटचा म्हणून राखून ठेवला होता: अमेरिकेत पहिल्याने सुमारे ४० कोटी ३० लाख डॉलर मिळविले, दुसऱ्याने सुमारे ३७ कोटी ३० लाख. तीन कोटींच्या फरकाने गुणवत्ता ठरत असेल तर भवभूतीने प्रयोगाचा जमाखर्च ठेवला नाही हे बरेच झाले. उलट पहिल्याला दृश्य-परिणामांच्या ऑस्करचे नामांकन मिळून ते तेवढ्यावरच राहिले, आणि दुसऱ्याला ते पारितोषिक मिळाले. पण मी त्याचाही आधार घेत नाही.

दुसरे भाग बहुधा फसतात हे मला मान्य आहे, आणि कसे फसतात हेही पाहण्यासारखे आहे. १९८० च्या ‘सुपरमॅन २’ मध्ये नायक प्रेमासाठी आपल्या सामर्थ्याचा त्याग करतो, म्हणजे विषय तोच. परंतु काही वेळाने ते सामर्थ्य तो परत मिळवितो, कसे ते नीट सांगण्याची कोणी तसदी घेत नाही, आणि शेवटी एका चुंबनाने नायिकेच्या स्मृतीतून सारे पुसून टाकतो. त्याग, प्रीती, वियोग, सगळे रद्दबातल. पाटी कोरी झाली की हिशेबाचा प्रश्नच उरत नाही. आणि २००७ साली खुद्द रायमीनेच ‘स्पायडरमॅन ३’ मध्ये त्याहून वाईट केले. तीन तीन प्रतिनायक गोळा केले ते एक वेळ सोसता आले असते. पण त्यांतल्या एकाच्या, वाळूच्या माणसाच्या, हातून बेनकाकांना गोळी लागली होती असे आता सांगण्यात आले. म्हणजे पीटरने वाट दिलेला तो चोर खुनी नव्हताच! ज्या ऋणासाठी एक मुलगा टेबलाशी रिकाम्या हाताने बसून राहिला होता, त्या ऋणाच्या मूळ दस्तऐवजावर मागाहून खाडाखोड करून नाव बदलण्यात आले. स्नेह्यांचा सिद्धान्त त्यांनी येथे लावावा, मी त्यांच्या बाजूने साक्षीला उभा राहीन. ही कढी खरोखरच फुटली.

राहिला ‘स्पायडरमॅन २’चा शेवट, ज्याविषयी आमची प्रत्यक्ष बोलाचाली झाली. वधूवेषात लग्नमंडपातून पळालेली मेरी जेन पीटरच्या दाराशी येते, जे असेल ते मी पत्करते म्हणते. तेवढ्यात बाहेर पोलिसांच्या गाड्यांचा भोंगा वाजतो, आणि तीच त्याला जा म्हणते. तो खिडकीतून उडी घेतो, हर्षाने आरोळी ठोकतो, उंच इमारतींमधून झोके घेत दूर जातो. पहिल्या भागाचा शेवट याच झोक्यांवर झाला होता. येथे मात्र चित्र पुन्हा खिडकीकडे वळते. ती तेथे उभी आहे, पांढऱ्या वेषात; ओठांवरचे हसू विझत जाते, आणि चेहऱ्यावर जे उरते ते पाहता पाहता पडदा काळा होतो. मी स्नेह्यांना विचारले, ‘त्या शेवटच्या चेहऱ्याचे आपण काय करता?’

‘कोणता चेहरा?’ ते म्हणाले. ‘अहो, तो उडी मारून निघाला तेव्हाच आम्ही उठलो होतो. नंतर स्कूटरच्या स्टँडवर फार गर्दी होते.’